धाकट्याचं अंडं

"आधी ती अंडी माझ्याकडे द्या," परिचारिकेने वृद्धाश्रमाच्या दारातच हात पुढे केला. "गेल्या ईस्टरला तुमच्या आईने एक उशीच्या अभ्र्यात दडवलं होतं. खोलीभर वास सुटला तेव्हा आम्हाला कळलं."

"यंदा नाही दडवणार. मी समोरच बसते."

"गेल्या वेळीही समोरच बसला होतात."

मी रुमालाची गाठ आणखी घट्ट धरली. शेवटी ती बाजूला झाली. "बघा बाई. पण वास आला तर गादी तुम्ही धुवायची."

चादरी-गाद्यांची मला धमकी देऊन उपयोग नाही. इस्पितळाच्या धोबीखान्यात मी जन्म काढला आहे. लोकांच्या आजारपणाच्या चादरी धुऊन येतात, मी त्यांना इस्त्री करते, घड्या घालते. लग्न झालं नाही, त्याचं आता काही वाटत नाही. ईस्टरच्या रविवारी मात्र मी कामाला जात नाही. सकाळी कांद्याच्या सालींत दोन अंडी उकळते, तांबूस रंग चढला की त्यांच्यावर तेलाचं बोट फिरवते आणि रुमालात बांधून आईकडे वृद्धाश्रमात येते. एक तिने खायचं, एक तिने लपवायचं. लपवायचं ते माझ्या धाकट्या भावाचं. तो पोरवयातच गेला.

आमच्या घरी ईस्टरला आई अंडी लपवायची. पिठाच्या डब्यात, वडिलांच्या बुटात, जळणाच्या लाकडांमागे, कुठेही. धाकटं माझं अंडं आधी शोधायचं आणि मला सांगायचं नाही, नुसतं हसत सुटायचं. त्याला स्वतःचं सापडलं की तिथेच उभ्या उभ्या फोडून खायचं, मीठबीठ काही नाही. मी माझं जपून ठेवायची. त्यावरून तो मला कंजूष म्हणायचा. एका वर्षी ईस्टरच्या आधल्या आठवड्यात त्याला ताप भरला आणि त्यातच तो गेला.

तरी त्या रविवारी आईने दोन अंडी रंगवली. माझं मला सापडलं. दुसरं शोधायला मी पलंगाखाली शिरले, तर आईने पाय धरून बाहेर ओढलं आणि एक मुस्कटात ठेवून दिली. "ते त्याचं आहे," म्हणाली. "त्याचं तो शोधेल."

मग दर वर्षी तेच. अंडं कुठे ठेवलंय ते ती सांगायची नाही, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. उन्हाळा चढला की घरात वास यायचा. वडील हुंगत हुंगत फिरायचे, आई बाहेर गेली की ते अंडं लांब टाकून यायचे. ती परत आली की दोघंही काही घडलंच नाही असं जेवायला बसायची. मी चौथीत गेले त्या वर्षी आईने एकच अंडं रंगवलं, त्याचं. "तू आता मोठी झालीस," म्हणाली. मोठी कसली? माझी वेणी अजून तीच घालायची.

सरळच सांगते, मला त्याचा राग यायचा. मेलेल्या भावाचा. घरात मी चालत-बोलत होते, आणि आईचं सगळं लक्ष त्या न सापडणाऱ्या अंड्यापाशी. वडील गेल्यावर तिला सांभाळलं मी, न्हाऊ-माखू घातलं मी, आणि डोकं चालेनासं झालं तेव्हा इथे आणून ठेवलंही मीच. एका ईस्टरला तिने मला बघून म्हणावं, तू आलीस, बरं झालं. एवढंच मला हवं होतं. या वयात असला हट्ट शोभत नाही, माहीत आहे. पण होता.

जेवणघरात सगळे म्हातारे-म्हाताऱ्या एका लांब टेबलाशी बसले होते. आई टोकाला होती. मी तिच्या शेजारी बसले. तिने माझ्याकडे पाहून ओळख नसलेल्या माणसाशी हसतात तसं हसून घेतलं. अलीकडे ती मला केस विंचरायला येणारी बाई समजते.

परिचारिकेने टूम काढली होती, प्रत्येकाने आपल्या लहानपणचा ईस्टर सांगायचा. इथली माणसं कुठल्या कुठल्या मुलखांतून येऊन पडलेली. जहाजावर नोकरी केलेले एक आजोबा आहेत, त्यांना सगळे खलाशी म्हणतात. त्यांनी सुरुवात केली.

"आमच्या गावात ईस्टरआधीच्या गुरुवारपासून येशूच्या दुखवट्याला चर्चच्या घंटा बंद. आम्ही पोरं लाकडी खुळखुळे घेऊन गल्लीगल्लीत बोंबलत फिरायचो. प्रार्थनेला या म्हणून. वर्षातून तेवढेच दिवस ओरडल्याबद्दल कोणी मारायचं नाही."

"आमच्याकडे अंड्यावर अंडं आपटायचे," एकेकाळी शाळेत शिकवणारे मास्तर म्हणाले. "ज्याचं फुटलं तो हरला. माझा बाप लाकडाचं अंडं रंगवून आणायचा. लबाड नंबर एक. पोटच्या पोरांची अंडी जिंकायचा आणि खायचासुद्धा."

मग शिवणकाम करणारी आजी म्हणाली, "आमच्यात ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मुलगे मुलींवर पाणी ओतायचे. चांगलं बादली बादली. जिच्यावर कोणी ओतलं नाही, ती दिवसभर तोंड लपवून बसायची."

"मग तुमच्यावर किती बादल्या?" खलाशाने डोळा बारीक केला.

"माझ्यावर? मी आपली विहिरीवर जाऊन भिजून यायची आणि घरी सांगायची, ओतलं हो, ओतलं."

सगळे हसले. तीही हसली. मला काही हसू आलं नाही.

"आणि तुमच्याकडे काय करायचे, आजी?" परिचारिका आईकडे वळली. आता धाकट्याचा विषय निघणार, सगळे चुकचुकणार, आणि मी नेहमीसारखी खाली मान घालून बसणार.

"मी अंडी लपवायची," आई म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ. "माझ्या मुलीसाठी. मोठी शहाणी पोर. सापडलं तरी खायची नाही, जपून ठेवायची."

"मुलगी एकटीच?" परिचारिकेने विचारलं. तिला सगळं माहीत होतं, म्हणून जपून विचारलं.

"एकटीच. मुलगा नव्हता मला."

तिने हे दुःखाने म्हटलं नाही, काही लपवायचं म्हणूनही नाही. पाण्याचा ग्लास पुढे ओढत सहज म्हणाली.

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला ते पदरात पडलं होतं, चारचौघांसमोर. पण वाटलं नाही. वडील नाहीत. त्याच्याबरोबर खेळलेलं कोणी उरलेलं नाही. त्याचा म्हणून एक फोटोसुद्धा नाही. आईच्या डोक्यात तेवढा तो होता, आणि आता तिथूनही गेला. आता तो फक्त माझ्याकडे, जिला त्याचा राग यायचा.

मी घाईघाईने रुमाल सोडला आणि एक अंडं तिच्या हातात कोंबलं. "आई, हे धाकट्याचं. लपव ना. कुठेही लपव, कोणी काही बोलणार नाही."

परिचारिकेने माझ्याकडे पाहिलं आणि ती दुसरीकडे वळली.

आईने अंडं उलटसुलट करून पाहिलं. "रंग छान आलाय हो," म्हणाली. मग ते टेबलावर टकटक आपटलं, अंगठ्याने सोललं आणि विचारलं, "मीठ आहे का?"

मी मिठाची बाटली पुढे केली. तिने सगळं अंडं खाल्लं. सावकाश, चवीने. मी बघत बसले. ओठाला लागलेला पिवळा कण मी पुसायला गेले, तर ती अवघडून मागे सरकली.

"तुम्ही किती करता हो माझं," ती म्हणाली. "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"आई आहे." मी म्हटलं. "एक भाऊ होता. माझ्याहून लहान. ताप आला आणि गेला. लहानपणीच."

तिचा हात थांबला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आणि तुमची आई? तिचं कसं झालं असेल हो?"

"तिने फार सोसलं."

"सोसणारच. पोटचा गोळा तो." तिने मान हलवली, डोळ्यांना पदर लावला. कोणा परक्या बाईसाठी रडावं तसं ती थोडं रडली. मग माझ्या मनगटावर हात ठेवला. "पण तिला तुम्ही आहात की. काही कमी नाही हो ते."

"हो," मी म्हटलं. "मी आहे."

तिने टेबलावरची टरफलं एका हाताने गोळा केली आणि कुठे टाकायची म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी ओंजळ पुढे केली.