बंद दाराचा नवा पत्ता

युगांडातल्या गुलूच्या बाजारामागे, सहकारी संस्थेच्या आंब्याखाली मुली जमल्या होत्या आणि नर्सिंग शाळेची साईट काही केल्या उघडत नव्हती. अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. पडद्यावरचं चक्र गरगर फिरायचं आणि मग सगळं पांढरं व्हायचं. मुलींमध्ये गावचं इंटरनेट सांभाळणाऱ्या अदोकोराचची भाची अचिरोही होती. ते चक्र मावशीच फिरवतेय, अशा नजरेने ती मावशीकडे बघत होती.

बाजारातल्या बायकांनी तिळाचे, शेंगदाण्याचे पैसे घालून गावाचं स्वतःचं इंटरनेट काढलं होतं. टेकडीवरचा टॉवर अदोकोराचने उभा केला होता. आज तोच हातचा जायची वेळ आली होती. कंपालाच्या एका कंपनीचा ब्यारुहांगा नावाचा माणूस तो विकत घ्यायला सकाळपासून येऊन बसला होता आणि आज पंचांनी त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"माझ्या फोनवर उघडतेय की!" ब्यारुहांगाने फोन सगळ्यांसमोर धरला. साईट झकास उघडली होती. "बाई हुशार आहेत, पण हौशी. पोरींच्या आयुष्याशी खेळ कशाला? आता सही करा, लगेच माझी लाईन जोडतो."

बायकांमध्ये कुजबुज झाली. पंचांचे प्रमुख लादित ओदोकी खाली मान घालून काठीने माती उकरत राहिले.

अदोकोराचला कारण कधीच सापडलं होतं, आणि सापडल्यामुळेच तिचं डोकं तापलं होतं.

"मेगो लाकोत," तिने पंचांतल्या म्हातारीला विचारलं, "आपल्या गावच्या त्या ओजाराने नव्या रस्त्यावर घर बांधलं आणि गावभर पत्ता सांगितला. तुम्ही गेलात ना?"

"गेले! दाराला कुलूप. उन्हात उभी राहून माझा पापड झाला. मेला अजून जुन्याच घरात झोपतोय!"

"शाळेचं तेच झालंय. साईटचं नाव विचारलं की पत्ता मिळतो. पत्ते दोन तऱ्हांचे, एक जुना, एक नवा. शाळेने नवा पत्ता जाहीर केला, पण तिथलं दार उघडलंच नाही. या ब्यारुहांगाच्या फोनला दोन्ही रस्ते आहेत. नव्या दारावर टकटक करतो, कुणी उघडलं नाही की मुकाट जुन्याकडे वळतो. आपल्याकडे फक्त नवाच रस्ता आहे. ज्याला नवा पत्ताच नाही, त्याच्यापर्यंत आपलं यंत्र पूल बांधून देतं. पण शाळेने नवा पत्ता दिलाय म्हटल्यावर ते पूल कशाला बांधेल?"

"मग जुना रस्ता घ्यायचा होतास," ब्यारुहांगा हसला.

"कुठून? जुने पत्ते आम्ही यायच्या आधीच वाटून संपले. आता ते तुझ्यासारख्यांकडे भाड्याने मिळतात."

तिने शाळेच्या संगणक विभागात फोन लावला आणि नवं दार बंद असल्याचं सांगितलं. कियेंबा नावाचा माणूस बोलला. "न्याबो, अहो बाई, सगळ्या देशातून अर्ज येताहेत. रड फक्त तुमच्याकडूनच. तुमचं तुम्ही बघा." आणि त्याने फोन ठेवला.

लादित ओदोकी तिच्याजवळ सरकले. "पोरी, तुला इथल्या इथे काही करता येत नाही का? गुपचूप?"

"येतं. आपल्या यंत्राला सांगायचं, या शाळेच्या नव्या पत्त्याकडे लक्ष देऊ नको, सरळ पूल बांध."

"मग कर की!"

"करते. पण गुपचूप नाही."

ती उभी राहिली आणि आपण काय करतोय हे मोठ्याने सांगत तिने ते केलं. साईट उघडली. मुली तुटून पडल्या. अचिरोचा अर्ज गेला, मग बाकीच्यांचे गेले.

ब्यारुहांगा याच क्षणाची वाट बघत बसला होता. "बघा! हिने हिच्या बाजूला दुरुस्ती केली म्हणजे चूक कुणाची होती?"

लोक विचारात पडले, आणि अदोकोराचला ते फार लागलं. एवढं समजावूनही खापर आपल्याच डोक्यावर! तिने पुन्हा बोटं चालवली आणि केलेली दुरुस्ती काढून टाकली. साईट परत पांढरी झाली.

"अगं, काय करतेस!" लादित ओरडले.

"अर्ज गेलेत. दुसऱ्याच्या बंद दारावर मी रोज पडदा ओढत बसणार नाही. ब्यारुहांगा, तुझ्या फोनच्या सेटिंगमधला जुना रस्ता बंद कर."

"कशाला?"

"भितोस?"

बायका हसल्या. चारचौघांत हसू झाल्यावर त्याला फोन पुढे करावाच लागला. तिने त्यातला जुना रस्ता बंद केला. त्याच्याच कंपनीच्या लाईनवर गाणी उघडली, नकाशे उघडले. शाळेच्या नावावर मात्र चक्र फिरत राहिलं.

"असा फोन वापरतं कोण?" तो चिडून म्हणाला.

"आम्ही!" अदोकोराचचा आवाज चढला. "वाटणी संपल्यावर आलेले सगळे. जुन्याची भीक मागणार नाही आणि टॉवरही देणार नाही. नवा रस्ता आमचाही आहे. दार त्यांनी उघडायचं."

मेगो लाकोतने हात वर केला. "टॉवर विकायचा नाही." मग एकेक करत बाकीच्या पंचांचे हात वर गेले. शेवटी लादितनी काठी वर केली. ब्यारुहांगाने फोन हिसकावून घेतला आणि काढता पाय घेतला.

"पण ती साईट?" कुणीतरी विचारलं.

अचिरोने मावशीचा फोन उचलून कियेंबाला लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"पुन्हा तुम्ही? न्याबो, मी सांगितलं ना..."

"मी मावशी नाही. मी अचिरो. आजच अर्ज भरलाय. निवड झाली की मी तुमच्याच शाळेत असेन. रोज सकाळी तुमच्या टेबलासमोर उभी राहून विचारेन, दार उघडलं का? माझ्यामागे गुलूच्या बाकीच्या मुलीही असतील. आज उघडताय की तेव्हा?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग कळफलकाची खटखट.

"आता बघ," कियेंबा पुटपुटला.

अदोकोराचने शाळेचं नाव टाकलं. या खेपेला तिने यंत्राला काहीच सांगितलं नव्हतं. साईट नव्या दाराने उघडली.