की वसेसोंचे हिरवे दिवे

"हिरवा! बघा, बघा, हिरवा झाला!"

मेणाच्या कढया तशाच धुमसत सोडून बाटिकच्या कारखान्यातली झाडून सगळी माणसं ऑफिसच्या दारात दाटली होती. आत टेबलावर कॉम्प्युटरची पेटी, पेटीवर पिवळं रेशमी फडकं. पुढ्यात जाईची फुलं, उदाचा धूर आणि बिनसाखरेची काळी कॉफी. फडक्याखाली दोन्ही हात घालून मांत्रिक की वसेसो ('की' म्हणजे तिकडचं 'बुवा') डोळे मिटून घुमत होते. मग त्यांनी फडकं झटक्यात ओढलं, आणि सकाळी सगळ्यांना लाल दिसलेले दोन दिवे लख्ख हिरवे! बायकांनी हात जोडून कपाळाला टेकवले. नक्षी काढणाऱ्या पार्नीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

सुहार्सीबाईंच्या डोळ्यांत मात्र धूर गेला होता.

सुहार्सी या कारखान्याच्या मालकीण. जावा बेटावरच्या सोलो शहराच्या लावेयान पेठेत बाटिकचा धंदा बायकाच चालवत आल्या, आणि सुहार्सीबाईंनी तो असा चालवला की व्यापारी दारात चपला काढताना आधी घसा साफ करून घेत. शाळेत त्या जेमतेम अक्षरं ओळखण्यापुरत्या गेल्या. कापडावरून हात फिरवला की मेण कोणी लावलं, तेव्हा त्याचं घरी भांडण झालं होतं का, एवढं सांगत.

आज मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सासूबाईंच्या वेळेपासूनची सगळी नक्षी कागदावर होती, ते कागद वाळवीनं खाल्ले. नक्षी काढणारे म्हातारबुवा वारले. नशिबानं त्याआधी सुनेनं एकेका कागदाचे फोटो काढून या पेटीत भरले होते. आता नक्षी होती ती तिथेच, आणि परवापासून पेटी काही दाखवेना. नक्षी गेली तर तांब्याचे नवे ठसे कशावरून पाडणार? कारखान्याला कुलूप, आणि या दारात दाटलेल्या सगळ्यांच्या चुली थंड.

"मालकीणबाई, माणूस जन्मतो तेव्हा त्याच्याबरोबर चार अदृश्य भावंडं जन्मतात, ठाऊक आहे ना?" की वसेसोंनी आवाज खर्जात नेला. "मधे पाचवा तो स्वतः. आता या पेटीत डिस्का किती? चार! आणि मधे स्क्रीन, तो पाचवा! परदेशी लोकांनी शोधलं म्हणतात. अहो, आपल्या बापजाद्यांना सगळं ठाऊक होतं!"

"बापजाद्यांना ठाऊक होतं, तर वाळवी लागली तेव्हा एकानंही तोंड का नाही उघडलं?"

"आई!" मुलगा दानांग कळवळला. दानांग परदेशातून व्यवस्थापन शिकून आला होता आणि तेव्हापासून की वसेसोंना विचारल्याशिवाय केस कापत नव्हता.

"दोन भावंडं रुसली होती, ती परत आली," की वसेसो म्हणाले. "पण ओळख विसरली. स्क्रीन रिकामा आहे तो म्हणून. त्यांचा पुनर्जन्म करावा लागेल. दानांग, तुझ्यासमोर ती ओळ आहे बघ, 'नव्याने सुरुवात करा'. मी मंत्र म्हणतो, तू 'हो' दाब. आणि मालकीणबाई, तुमच्या सासूबाईंचं ते निळं जुनं वस्त्र नदीला सोडावं लागेल. मीच नेऊन सोडीन."

"नदीत सोडणार की जुन्या कापडांच्या बाजारात?"

दारातून कोणीतरी फिस्सकन हसलं. की वसेसोंनी तिकडे न बघता डोळे मिटले. दानांगचं बोट बटणाकडे निघालं.

"हात काढ तिथून!"

सून वेनिंग. तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवायची. निरोप मिळताच वर्ग सोडून आलेली, हेल्मेट अजून डोक्यावरच. "ते 'हो' दाबलंस तर पेटी चारही डिस्का कोऱ्या समजून लिहायला लागेल. मग देव आला तरी नक्षी मिळायची नाही."

"तू तुझ्या वर्गातल्या पोरांना शिकव," दानांग चिडला. "दिवे हिरवे झाले ते सगळ्यांनी बघितलंय. तू आणून दाखव ना हिरवे!"

बायको विरुद्ध नवरा, मंत्र विरुद्ध शाळा. सगळ्यांचे डोळे मालकीणबाईंवर. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि की वसेसोंना म्हणाल्या, "हिरवे केलेत, डोळे निवले. आता पुन्हा लाल करा."

"काय?"

"जो मंत्र आत बोलावतो त्याला बाहेरही घालवता येत असेल. करा लाल. फडकं मात्र माझ्याकडे द्या, मी धरते."

"मंत्राचा असा खेळ करत नाहीत, बाई."

"खेळ तर तुम्हीच मांडलात, मी फक्त अजून थोडा बघायचा म्हणते. आणि एक विचारू? वारा नव्हता, तरी फडक्याचा डावा कोपरा दोनदा हलला. दोनदा खट वाजलं. जन्म कापडात गेलाय माझा. कापड उगाच हलत नाही."

त्या पेटीजवळ गेल्या. "वेनिंग, हा खण थोडा ओढला तर काही बिघडेल?"

"आत्ता पेटीचं काम बंदच आहे, कोणी लिहीत नाहीये. एकदाच बघा पण, आई."

सुहार्सीबाईंनी दोन बोटांनी एका डिस्केचा खण ओढला. दिवा लाल. अंगठ्याने आत दाबला. खट! दिवा हिरवा. मग वळून दोन्ही हात वर करत त्या दारातल्या गर्दीला म्हणाल्या, "घ्या! मलाही सिद्धी मिळाली! कॉफी कोण आणतंय?"

ठसे मारणारा समिदी एवढा हसला की त्याला ठसका लागला. पार्नीने घाईघाईने डोळे कोरडे केले.

की वसेसोंनी झोळी जवळ ओढली. "खण सैल झाला असेल. पण तो सैल का झाला? भावंडं रुसली म्हणून."

"तुम्ही धुतला म्हणून," वेनिंग म्हणाली. तिने खण बाहेर काढून नाकाशी धरला आणि सुहार्सीबाईंपुढे केला. जाईच्या तेलाचा वास अजून होता.

तेव्हा सगळ्यांना आठवलं. जावी वर्षाच्या पहिल्या, सुरो महिन्यात घरातल्या जुन्या कट्यारी लिंबाने धुवायच्या, तेल लावायचं, वर फडकं घालायचं, आणि पुढच्या सुरोपर्यंत ते उचलायचं नाही, ही रीत. यंदा की वसेसोंनी सांगितलं की सगळी नक्षी पोटात ठेवते ती पेटीही घराण्याची ठेवच, तिलाही स्नान हवं. दानांगने पेटी बंद करून चारही डिस्का काढून दिल्या. की वसेसोंनी तेलाच्या बोळ्याने पुसून त्या परत घातल्या, पण दोन खणांच्या खिट्ट्या लावल्याच नाहीत. वर फडकं. आणि शेजारच्या दालनात दिवसभर तांब्याचे ठसे धाडधाड आदळतात. हळूहळू एक खण सरकला. फडक्याखाली लाल दिवा लागला, पण रीत मोडून बघणार कोण?

"पण पेटी ओरडली असेल ना?" वेनिंगने नवऱ्याला विचारलं. "एक डिस्क गेली की शिट्टी वाजते."

दानांगचे कान लाल झाले. "वाजत होती. की वसेसो म्हणाले, राखणदार गातोय. मी रोज फुलं ठेवत होतो."

"आणि मग शिट्टी?"

"बंद केली. झोप लागत नव्हती."

सुहार्सीबाई मुलाकडे बघत राहिल्या. परदेशी शिक्षणाचा खर्च आठवला असावा.

वेनिंगने बाजारातून कोऱ्या डिस्का आणवल्या आणि आधी प्रत्येक डिस्केची हुबेहूब नक्कल करायला घेतली. मूळ डिस्का कपाटात, किल्ली सुहार्सीबाईंच्या कमरेला. "काही चुकलं तर ते नकलेवर चुकू दे," ती म्हणाली. सुहार्सीबाईंना हे फार पटलं. नवी पोर आली की त्याही आधी फाटक्या चिंधीवरच मेण धरायला लावत.

"चार डिस्का म्हणजे चार भाऊ नाहीत, आई. एक कापड चार तुकड्यांत वाटून ठेवलंय, आणि वर थोडा जादा हिशेब. एक तुकडा हरवला तर उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. दोन हरवले की नाही येत. म्हणून पहिली डिस्क सरकल्यावर पेटी तिघांवर चालत राहिली. परवा दुसरी सरकली, तेव्हा थांबली."

"मग आता चारही जोड."

"नाही! पहिली गेली ती महिनोन्‌महिने मागे राहिलीय. तिच्यात जुनंच आहे. ती मिसळली तर नव्या नक्षीत जुनी घुसेल. कोण कुठवर पोचली ते प्रत्येक डिस्क स्वतःच टिपून ठेवते. हे बघा, परवाची जेमतेम एक पाऊल मागे आहे. तिला घ्यायचं, पहिलीला बाहेर ठेवायचं. आणि उघडायचं ते फक्त वाचण्यापुरतं."

"या बाबांनी तर चौघांना एकदम पुनर्जन्म द्यायला काढला होता!"

की वसेसो अजून दारात घुटमळत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नकला पुऱ्या झाल्या तेव्हाही आले, काय होतं ते बघायला. वेनिंगने तीन नकला जोडल्या. स्क्रीनवर आधी काहीच नाही. मग नावांची रांग उमटली. तिने एक उघडलं. सुहार्सीबाईंच्या सासूबाईंच्या हातची वेल, तिरकी, पाकळीला एक जास्तीचा ठिपका. तो ठिपका सासूबाईंची चूक होती आणि पुढे साऱ्या पेठेनं तो उचलला. सुहार्सीबाईंनी स्क्रीनवरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

सगळी नक्षी आली. पेटी थांबली त्या क्षणी पार्नी स्क्रीनवर जी नवी काढत होती, तेवढी एक फाटकी निघाली. पार्नी म्हणाली, तशीही ती तिला आवडली नव्हती.

"बघा!" की वसेसो पुढे झाले. "मंत्र माझा, फक्त हात सुनेचे!"

"मग मंत्र इथे ठेवून जा," सुहार्सीबाई म्हणाल्या, "आणि हात घेऊन चालू लागा."

ते गेल्यावर दानांग म्हणाला, "आई, मी ते 'हो' दाबलं असतं तर?"

"तर नक्षी गेली असती, आणि ते म्हणाले असते की तुझी श्रद्धा कमी पडली. जमलं तर मंत्र त्यांचा, फसलं तर पाप तुझं. मेणाच्या व्यापाऱ्यानं असा सौदा पुढे केला तर तू त्याला उंबरा तरी चढू देशील का?" त्या उठल्या आणि दारात उभ्या राहून अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "सगळ्यांनी ऐका. कट्यारी धुवा, फुलं वाहा, मला काही म्हणायचं नाही. पण जे मोडलंय त्याला आधी बघा, हात लावण्याआधी विचारा, आणि चमत्कार झाला असं कोणी म्हटलं तर त्याला म्हणा, पुन्हा करा, यावेळी न झाकता. जो नाही म्हणेल त्याला कॉफी द्यायची नाही."

मग त्या वेनिंगकडे वळल्या. "आणखी एक नक्कल कर. ती तुझ्या आईच्या गावी ठेवू. आणि मला दाखव, हे कसं उघडतात. उद्या तू शाळेत असलीस, तर मला कोणाच्या तोंडाकडे बघायची पाळी यायला नको."