धावलेला हात

एटेल्काचं पत्र येऊन आठवडा झाला होता आणि लोरिंत्सनं अजून उत्तर दिलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, व्हिएन्नाची नाटक कंपनी करार घेऊन बसली आहे. तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन. तोंडानं सांगणं तुम्हाला जमायचं नाही, तेव्हा लिहून कळवा. एवढंच. लोरिंत्स रोज कागद पुढ्यात घ्यायचा आणि रोज चुलीत घालायचा. ती नाटक मंडळीतली नावाजलेली नटी, आणि आपण कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारे. कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं?

आता कोलोझ्वारच्या नाटकगृहामागच्या अंगणात चित्रपटाचं शेवटचं दृश्य चाललं होतं. ऊन उतरत आलं होतं, नटांना संध्याकाळच्या खेळासाठी सोडायचं होतं, आणि परवा सकाळच्या गाडीनं एटेल्का निघणार होती. मण्यांचा मुकुट घातलेली नवरी कुंपणापलीकडच्या प्रियकराचा निरोप घेते, असं दृश्य. प्रियकर झालेला जाडा केलेमेन कॅमेऱ्याला खेटून उभा होता. चित्र मुकं, त्यामुळे नटांनी काहीही बोललं तरी चालायचं.

हात एकसारखा फिरावा म्हणून लोरिंत्स मनात नेहमीची चार्दाश नाचाची चाल गुणगुणू लागला. नवरी झालेली एटेल्का कुंपणाशी आली.

“तुम्ही काहीच बोलत नाही,” ती म्हणाली. “मग जाऊ मी?”

“जा बाई, लवकर जा,” केलेमेन कण्हला. “घरी माझं कोबी-मांस निवतंय.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिची नजर केलेमेनवर नव्हतीच. भिंगाच्या जरा वर, लोरिंत्सच्या डोळ्यांत ती रुतून बसली होती. त्याच्या मनातली चाल सुटली. दांडा सोडता येईना, बोलता येईना. ऊन गेलं तसं दिग्दर्शक बर्तालानसाहेबांनी पुरे म्हटलं. ती मुकुट उतरवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्या बर्तालानसाहेबांनी आणि लोरिंत्सनं ते दृश्य पडद्यावर पाहिलं. नवरी कुंपणाशी आली आणि तिची नजर लांबतच गेली. पापणी मिटता मिटेना.

“हात धावला तुझा,” साहेब म्हणाले. दांडा जलद फिरला की पडद्यावर सगळं संथ होतं, हे त्यांनी लोरिंत्सला सांगायची गरज नव्हती. “इतक्या वर्षांत कधी धावला नाही तो.”

लोरिंत्स माफी मागू लागला. पुन्हा काढू म्हणाला.

“कशाला? हे बघून गावातल्या शेंबड्या पोराला पण तुझ्या मनातलं कळेल.” साहेब टोपी शोधत उठले. “फक्त तिलाच कळायचं नाही. चित्र लागेल तेव्हा ती व्हिएन्नात असेल.”

लोरिंत्सनं तिथंच खुर्चीच्या पाठीवर कागद टेकवला. ‘जाऊ नका’ एवढंच लिहिलं, अक्षर वाकडंतिकडं आलं, आणि कागद पाकिटात घालून तो कोपऱ्यावर पळाला. लाल पेटीशी पोस्टमन किल्ली काढत होता. त्यानं आत्ता नेलं तर संध्याकाळच्या वाटपात पत्र तिच्या हाती पडणार होतं. लोरिंत्सनं पाकीट फटीत घातलं, पण कोपरा चिमटीतून सुटेना.

पोस्टमननं किल्ली पेटीला लावली.

“सोडा की आता,” तो म्हणाला.

लोरिंत्सनं बोटं सोडली.