पूजेत उलटा मांडलेला प्रोसेसर

मी एक जुना मदरबोर्ड आहे. मित्रांनो, कॉम्प्युटरचा डबा उघडला की आत जी हिरवी पाटी उभी दिसते ना, तो मी. लोक पडद्याचं कौतुक करतात, कीबोर्डवर बोटं नाचवतात, माउसला तर शेंबडं पोरसुद्धा कुरवाळतं. पण या सगळ्या मंडळींना एकमेकांशी बोलायचं असेल, तर माझ्या अंगावरूनच जावं लागतं. मी थोडा बढाईखोर आहे हे कबूल, पण ही गोष्ट खरी आहे.

माझा जन्म एका दूरदेशच्या कारखान्यात १९९९ साली झाला. माझ्या छातीवर एक चौकोनी पांढरी बैठक आहे आणि तिला तीनशे सत्तर बारीक भोकं आहेत. तिच्यावर प्रोसेसर बसतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्याला खालून केसांसारखे बारीक पाय असतात आणि ते त्या भोकांत उतरतात. माझ्यासोबत आलेला प्रोसेसर माझ्याच पिढीचा होता. त्याला किती वीज द्यायची, त्याच्या कुठल्या पायाशी काय बोलायचं, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आमचा संसार सुखाचा चालला होता.

आम्ही आलो आष्टीच्या बाजाराजवळ, पुंडलिकरावांच्या छापखान्यात. पुंडलिकराव जुने जुळारी. शिशाचे खिळे चिमट्याने एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. खिळ्यावरचं उलटं अक्षर ते सुलट्यापेक्षा भरभर वाचत. मला आणलं त्यांच्या सुनेने, हर्षाने. तिचं माहेर पिपरी मेघेचं, कॉम्प्युटर ती तिथेच शिकली होती. सासऱ्यांनी मला 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. येताजाता माझ्या डब्याकडे ते घरात नको असलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहत. त्याचा मला फार राग येई.

तीन वर्षं मी पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं मुकाट्याने ओढलं. पण काम वाढलं आणि आम्ही धापा टाकू लागलो. एक चित्र उघडेपर्यंत हर्षाचा चहा पिऊन होई. तेव्हा तिने ठरवलं की बोर्ड राहू द्यायचा आणि प्रोसेसर तेवढा नवा आणायचा. वर्ध्याच्या प्रफुलने, म्हणजे ज्याच्या दुकानातून मी आलो त्यानेच, तो दिलाही. "तीनशे सत्तर पायाचाच हाये वहिनी, बरोब्बर बसते," असं तो म्हणाला होता.

आता त्या छापखान्याची रीत सांगतो. दसऱ्याला सकाळी यंत्रांची पूजा व्हायची. जी अवजारं वर्षभरात निवृत्त झाली, त्यांनाही पाटावर मानाने मांडून हळदकुंकू लागायचं. मग 'पहिला ताव' छापायचा. त्यावर गावाला दसऱ्याच्या शुभेच्छा असत. संध्याकाळी सोनं लुटायला निघालेली माणसं छापखान्याशी थांबून तो ताव घेत आणि मगच पुढे जात. पुंडलिकरावांच्या कारकिर्दीत हा ताव कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी घटस्थापनेलाच ते सुनेला म्हणाले होते, "यंदाचा पयला ताव तुह्या मशीनवर काढू. निघाला त ठीक. नाई निघाला त हा डब्बा इकून टाकजो, आन आपले खिळे बरे."

म्हणजे त्या एका तावावर हर्षाचं सगळं काम टांगलेलं होतं, आणि माझाही जीव.

नवी वस्तू दसऱ्यालाच लावायची, म्हणून सकाळी पूजेआधी हर्षाने माझा जोडीदार अलगद काढून पाटावर मांडायला सासऱ्यांच्या हातात दिला आणि नव्याला माझ्या बैठकीवर बसवलं. तो बसला. सगळे पाय सगळ्या भोकांत गेले, दांडी बंद झाली. पण मित्रांनो, मी तेव्हाच ओळखलं. तो माझ्या पुढच्या पिढीचा होता. त्याला लागणारी वीज मला देता येत नव्हती. त्याच्या काही पायांचे अर्थच बदलले होते. तो एक बोलत होता, मला भलतंच कळत होतं.

आरती झाली. हर्षाने बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. अनुसयाबाई, तिच्या सासूबाई, हातात प्रसादाची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.  पुंडलिकरावांनी खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी घोडीवरचं फडकं तेवढं बाजूला केलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी मेलेलो नाही, पण मला तोंड कुठे आहे?

हर्षा प्रफुलला फोन लावत राहिली. तो लागला तेव्हा दुपार टळली होती.

"बोर्ड कोन्त्या सालचा हाये वहिनी?"

"नव्व्याण्णवचा."

"मंग नाई चालनार. पिढी बदलली न त्याची."

"तुमीच त बसते म्हनलं होतं."

"बसते म्हनलं. चालते कुठी म्हनलं? आज त दुकान बंद हाये, उद्या येजा."

हर्षाने फोन ठेवला.  तिने सासऱ्यांपासून काही लपवलं नाही. "मामाजी, चूक माही हाये. भोकं सारखी दिसली म्हनून मी जोडी जमवली. याची पिढी न बोर्डाची पिढी येगळी हाये."

पुंडलिकरावांनी डब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे बारा पॉइंटच्या ओळीत दहा पॉइंटचा बारका खिळा. बसते, पन दाब पडला का ओळ सांडते."

"तसंच. जुना लावला त आत्ता चालू होते."

ती पाटापाशी गेली आणि तिथेच थबकली. माझा जोडीदार पाटावर उताणा पडला होता, पाय वर करून. त्या पायांवर ओल्या हळदीकुंकवाचं भलंमोठं बोट ओढलेलं होतं आणि पायांच्या रानात अक्षता अडकल्या होत्या.

"मामाजी, याले उलटा काऊन ठेवला?"

"उलटा? खिळ्याचं अक्षराकडचं तोंड वरतेच ठेवते माणूस."

बोलता बोलताच त्यांना उमगलं. ज्याला ते तोंड समजले होते, ते त्याचे पाय होते. इतका कसलेला हात, पण जन्मभराच्या सवयीने त्या हाताचाच घात केला. त्यांचा चेहरा पडला. मला त्यांचा इतके दिवस आलेला राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

अनुसयाबाई हलकेच म्हणाल्या, "सोनं लुटाच्या आधी मांडलेली पूजा हालवू नोका."

बाहेर उन्हं कलू लागली होती. जुन्या खिळ्यांवर ताव काढायला पुंडलिकरावांना अजून वेळ होता. त्यांनी नुसतं घोडीकडे वळायचं होतं, आणि हर्षाची तीन वर्षं तिथेच संपली असती. त्यांनी घोडीकडे पाहिलंही.

मग त्यांनी पाटाला हात जोडले आणि माझा जोडीदार उचलला.

"मशीन बंद ठेवून कायची पूजा? बॅटरीचा उजेड धर, सूनबाई."

खिळे धुवायचा मऊ ब्रश त्यांनी पेट्रोलमध्ये बुडवला आणि एकेका रांगेतली हळद सोडवू लागले. चिमट्याने अक्षता वेचल्या. कडेचे दोन पाय वाकले होते. एक जरी तुटला असता तर सगळं संपलं होतं. सत्तरीचा तो हात चिमटा घेऊन पुढे झाला आणि हर्षाने डोळेच मिटले. मला डोळे मिटता येत नाहीत. मी पाहिलं. पहिला पाय सरळ झाला. दुसरा जरा अडला, लवला, आणि तोही उभा राहिला.

सगळं चांगलं सुकू दिल्यावर जोडीदार माझ्या बैठकीवर परतला. हर्षाने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. तो एक क्षण मला माझ्या सगळ्या आयुष्याहून लांब वाटला. मग आतून 'टुक्' असा बारीक आवाज झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. अनुसयाबाईंनी तिथेच साखर वाटली.

पहिला ताव पुंडलिकरावांनी उजेडात धरून दोनदा वाचला. चूक सापडली नाही. मग टेबलावर काढून ठेवलेल्या नव्या प्रोसेसरकडे बोट करून म्हणाले, "याले फेकजो नको. याच्या पिढीचा बोर्ड भेटला का हा बी चालन. त्याचं काई चुकलं नाई."

पुढच्या वर्षी त्याच्या पिढीचा बोर्ड आला आणि तो धावू लागला. मी फळीवर गेलो. धूळ बसली, एका कुंभारीण माशीने माझ्या कडेला मातीचं घर बांधलं. तेव्हा वाटायचं, आपल्याला सगळे विसरले.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण जागेत बसतं का एवढंच पाहू नका. जुन्याशी त्याचं जमेल का, तेही विचारा. आणि जे जमलं नाही त्याला लगेच निकामी ठरवू नका, मग ती वस्तू असो नाही तर माणूस.

मला मात्र कुणी विसरलं नव्हतं. दर दसऱ्याला हर्षा मला पुसून पाटावर ठेवते. पुंडलिकरावांचे हात आता कापतात. कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत येतं, थांबतं, आणि ते दरवर्षी न चुकता तिला विचारतात, "सूनबाई, याचं तोंड कोन्या बाजूनं हाये?"