तीस सेकंद एका पायावर

साहेब, तुम्ही माझ्या सासऱ्यांना कोरड्या जमिनीवर बुडवलंत. समुद्राला पन्नास वर्षांत जमलं नाही, ते तुमच्या कचेरीतल्या फरशीने अर्ध्या मिनिटात केलं.

पासष्टी ओलांडलेल्या मच्छीमाराने एका पायावर तीस सेकंद उभं राहून दाखवायचं, तरच परवाना पुढे चालू, हा नियम तुमचा. आबा नवा शर्ट घालून आले. तुमच्या तपासनिसाने घड्याळ काढलं आणि नवव्या सेकंदाला आबा फायलींच्या कपाटाला मिठी मारून उभे. खालून लाट ढकलते म्हणून अंग सावरतं, ही फरशी ढकलतच नाही, असं त्यांनी परोपरीने समजावलं. तपासनिसाने 'तोल जातो' एवढंच लिहिलं.

घरी सराव सुरू झाला. सासूबाई कांदा चिरता चिरता आकडे मोजायच्या, आबा भांड्यांच्या मांडणीवर कोसळायचे. तीन पातेली चेपली. परवाना गेला तर होडी जाणार, आणि होडी गेली तर हा माणूस दिवसभर घरात बसणार, ही सासूबाईंची धास्ती. आबांची वेगळी. ताटावरून उठताना ते मला म्हणाले, "किनाऱ्यावर मी म्हातारा होतो गं."

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली: परीक्षा होडीत घ्या. मी अर्ज लिहिला. तुम्ही तपासनिसाला धाडलंत, तेवढं श्रेय तुम्हाला देते.

आणि नेमका त्या सकाळी समुद्र पाटासारखा सपाट. पन्नास वर्षं आबा त्याला 'गप बस मेल्या' म्हणत आले, त्याने ऐकलं ते त्या दिवशी. आबा आणि तपासनीस चढले तरी धक्क्याला बांधलेली होडी हलायचं नाव घेईना. आबांनी पाय उचलला, लगेच टेकवला. मग पाण्याला म्हणाले, "एरवी उरावर बसतोस. आज नव्या जावयासारखा मुकाट का?"

सासूबाई होडीत उतरल्या आणि एका काठावर बसल्या. मी दुसऱ्या. एकदा त्या दाबायच्या, एकदा मी. लग्नाला बारा वर्षं झाली, आम्हा सासूसुनेचं एकमत झालं ते तिथे. होडी डोलायला लागली तसे आबा एका पायावर खांबासारखे ताठ. तपासनीस विसापर्यंत मोजून पिवळा पडला, एकविसाव्याला ओकला आणि बाविसाव्याला घड्याळासकट पाण्यात गेला.

आबांचा पाय वरच. "तीस झाले का?"

सांगणारा गटांगळ्या खात होता.

"झाले हो," सासूबाई म्हणाल्या. "आता पाय टेका आणि त्या बापड्याला काढा."

आबांनी त्याला कॉलर धरून वर ओढला, पाठीवर थापट्या मारल्या, अंगातला कोरडा शर्ट काढून दिला. तोच, नवा.

काल तुमचं पत्र आलं. घड्याळ समुद्रात पडल्याने चाचणी अपूर्ण. अर्जदाराने पुन्हा कचेरीत, फरशीवर हजर व्हावे, तोवर होडी बाहेर काढू नये. आबा धक्क्यावर बसून असतात. समुद्र आता रोज त्यांच्यासमोर उड्या मारून दाखवतो.

शर्ट राहू द्या त्याच्याकडे. पण साहेब, सही-शिक्क्यानिशी एवढं कळवा: त्या दिवशी होडीत तोल कुणाचा गेला?