फळीवरची रिकामी जागा

सासरेबुवांचा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा, पण जीव सगळा बैठकीतल्या फळीवर. तिथे त्यांनी घडवलेलं पत्र्याचं अख्खं कुटुंब उभं होतं, वीतभर उंचीचं. बाजूचा दांडा फिरवला की सासूबाई चष्म्यावरून डोळे वटारायच्या, नवरा घसरती पँट वर ओढायचा, नणंद आरशात बघून मान वेळावायची. आल्यागेल्याला हा खेळ बघितल्याशिवाय चहा मिळत नसे म्हणा ना!

नवऱ्याशेजारी मात्र जागा रिकामी होती. लग्नाला वर्ष झालं, तरी सूनबाईची बाहुली काही फळीवर चढेना. दांडा फिरला की सूनबाई सगळ्यांबरोबर हसायची आणि आत जाऊन भांडी जरा जोरात आपटायची. इतकं गोड वागूनही आपण या घरात पाहुणीच, हे तिला फार लागलं होतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "अगं, ते बाबांचं खातं. मला काय विचारतेस?" घ्या! याला म्हणतात आधार!

आता ही बाई होती पोहण्याची शिक्षिका. तलावावर तिची शिट्टी वाजली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. घरी मात्र अगदी गरीब गाय. "हो आई", "चालेल बाबा", यापुढे तोंडातून ब्र निघत नसे.

एका सकाळी ती बैठकीत आली आणि बघते तर काय! सासरेबुवांनी टेबलावर स्टूल चढवलं होतं, स्टुलावर स्वतः चढले होते आणि एका पायावर तोल सावरत फळीमागच्या चाकांना तेल घालत होते. स्टूल डुगडुगत होतं.

"उतरा!" सूनबाईचा आवाज थेट तलावावरचा. "आधी खाली उतरा म्हणते ना! वय काय, चाललंय काय! हाडं मोडली तर निस्तरायचं कुणी? एक शब्द नकोय मला!" एक हात कमरेवर, दुसरा डोक्याच्या वरून सप्पकन खाली.

सासरेबुवा एवढंसं तोंड करून उतरले. सूनबाईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं तर बरं.

"पुन्हा कर," सासरेबुवा म्हणाले.

"काय, बाबा?"

"हात गं! कोपरातून येतो की खांद्यातून? वर्षभर टक लावून बसलोय, पण माझ्यासमोर तू हलशील तर शपथ! किती बाहुल्या केल्या नि मोडल्या. नुसती उभी बाई करू तरी कशी?"

"मला वाटलं, मी तुम्हाला..."

"आवडत नाहीस? वेडी की काय! कर बघू पुन्हा. जरा रागाने."

पुढच्याच आठवड्यात सगळे फळीसमोर जमले. दांडा फिरला. डोळे वटारले गेले, पँट वर गेली, मान वेळावली. मग नव्या बाहुलीचा हात उंच गेला आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी थांबलं. हात खाली आला तेव्हाच पुन्हा सगळे हलले.

"मला जन्मभर जमलं नाही ते हिने केलं!" सासूबाईंनी टाळ्याच पिटल्या.

सूनबाईचा आनंद गगनात मावेना. ती पुढे झाली, वाकून नीट बघितलं, आणि मग तिला राहवेना.

"बाबा, नाक जरा मोठं झालंय हं माझं."

मागे तिघंही खो खो हसत सुटले.

"हसताय काय! आपापली बाहुली बघून या घरातल्या प्रत्येकाने मला हेच ऐकवलंय," सासरेबुवा म्हणाले, आणि त्यांनी दांडा तिच्या हातात दिला.