डाव्या खांद्यावरची पाकळी

चैत्र सरत आला होता. काजूच्या बनांतून पिकल्या बोंडांचा आंबूस, मदिर गंध लहरत होता. आकाश तापल्या तांब्याच्या परातीसारखे उपडे पडले होते. आणि त्या ताम्रप्रभेत सह्याद्रीच्या नीलकटीवरून सातखोलचा घाट लोंबत होता. एकोणीस वळणांचा घाट. एकोणीस वळणांचा, अठरा कठड्यांचा. अकराव्या वळणाला कठडा नव्हता. सरकारी कागदावर होता, असे म्हणतात.

घाटाच्या पायथ्याशी, मेस्त्र्यांच्या सामाईक मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या कौलारू खोपटात, दोन इंजिने शेजारी शेजारी बसली होती. समुद्रलंघी, जपानहून आलेली, अंगावर परक्या अक्षरांची लेणी ल्यालेली. एक सहा सिलिंडरांचे, कृष्णवर्ण, लोहकाय, मेघगर्जन. दुसरे चार सिलिंडरांचे, रजतकांती, ह्रस्वदेही, मितभाषी, कुशीत जोर वाढवणाऱ्या टर्बोचा शंख घेऊन बसलेले. व्यापाऱ्याने दोन्ही पारखायला पाठवली होती. एक राहायचे होते. एक दुपारी तीनच्या टेम्पोने परत जायचे होते.

आणि समोर उभी होती भिवा मेस्त्रीची पांढरी मोटार. नाक उघडे, उदर रिते. भिवाला जाऊन वर्ष झाले होते. मागे राहिली ती मोटार आणि त्याची लेक सुगंधा. चौतीस वर्षांची सुगंधा, पंचक्रोशीत पान्याला हात घालणारी एकुलती एक बाई. वैशाखात घाटाची शर्यत होती. चाक तिच्या हातात असणार होते. अकरावे वळणही तिच्याच हातात असणार होते.

तिने दोन्ही इंजिने काजूच्या कारखान्यातल्या काट्यावर तोलली होती. मोठे ऐंशी किलोंनी जड भरले. ऐंशी किलो म्हणजे एक आख्खे बुधाजीकाका, मोटारीच्या नाकावर मांडी घालून बसलेले. जडनासिक मोटार वळत नाही. चाक वळते, मोटार सरळ जाते. आणि अकराव्या वळणावर सरळ या शब्दाचा अर्थ दरी असा होतो.

बुधाजीकाका हे भिवाचे थोरले भाऊ, घराचे कर्ते, देवळातले मानकरी. त्यांनी मोठे इंजिन एकदाच सुरू करून ऐकले होते. मांगराची कौले थरथरली, गोठ्यातल्या म्हशीने दावे तोडले, आणि काकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले.

“वाघ आसा गो, वाघ! आवाज बघ त्येचो! अख्ख्या तालुक्याक कळूक व्हया, मेस्त्र्यांची मोटार येता म्हणान!”

“काका, वाघ वळणार नाय.”

“बायलमाणसान माका इंजिनातला शिकवचा नाय.”

काकांनी आयुष्यात उघडलेले सर्वांत अवघड यंत्र म्हणजे अडकित्ता.

त्या वाक्याने सुगंधाच्या छातीत काही पेटले. ज्वाला नव्हे, निखारा. राखेखालचा, रक्तवर्ण, मौनधारी निखारा. वीस वर्षे तिच्या नखांत काळे तेल होते. वीस वर्षे पेचकसाचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून तिने पोलादाची दुखणी ऐकली होती. वीस वर्षे गावच्या गाड्या तिच्या हाताने चालत होत्या, आणि गाव म्हणत होते, भिवाचा हात चांगला.

मग सातखोलच्या रीतीप्रमाणे ठरले, देवाला कौल लावायचा. इथे विहीर खणायची तर कौल, बैल घ्यायचा तर कौल, मुलगी द्यायची तर कौल. रवळनाथाच्या पाषाणमूर्तीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर सहा, डावी पडली तर चार. उजवी बाजू काकांनी आधीच मागून घेतली होती.

सुगंधाने मान्य केले. इथे तिची चूक झाली. तिची देवावर श्रद्धा होती; पण देवाच्या आणि तिच्यामध्ये किती माणसे उभी असतात, ते ती विसरली.

गाभाऱ्यात समईची पीतशिखा निश्चल होती. आबा गुरवाने गाऱ्हाणे घातले. “बा देवा रवळनाथा! तुझ्या लेकरांक वाट दाखव रे महाराजा!”

“होय महाराजा!” मंडळी गर्जली.

क्षण गेला. दुसरा गेला. आणि डाव्या खांद्यावरून, दवबिंदूच्या मंदगतीने, एक श्वेतकोमल पाकळी ओघळली. ओघळली आणि देवाच्या पायांशी निजली.

सुगंधाचे डोळे भरून आले. वर्षात पहिल्यांदा कुणीतरी तिचे ऐकले होते.

“गाऱ्हाणा चुकला,” काका म्हणाले. “मोटारीचो नंबर सांगूकच नाय. देवान वळखूची कशी? परत लाव.”

नंबर सांगण्यात आला. होय महाराजा. डावी पाकळी पडली.

“वारो सुटलो. दार लाव.”

दार लावण्यात आले. या खेपेला डाव्या पाकळीला पाणी अंमळ अधिक लागले, आणि आबा गुरवाचा अंगठाही तिच्यावर अंमळ अधिक काळ भक्तिभावाने विसावला. होय महाराजा. उजवी पाकळी पडली.

“दिल्यान!” काका ओरडले. “उजवो दिल्यान!”

पायरीवर नारळ फुटला. जयजयकार झाला. आणि सुगंधाच्या छातीतला निखारा राखेतून उठला. आता तो वणवा होता. शुष्कतृणभक्षी, दशदिशाव्यापी वणवा. तिचे ऐकत नव्हते, ते तिने सोसले होते. पण देव तिच्या बाजूने बोलला, तर देवाचीही उलटतपासणी! देवालाही दार लावून पुन्हा विचारणे! तिने चप्पल घातली आणि ती उन्हातून चालू लागली. पायांखाली सुकली पाने कडाड मोडत होती, कडाड, कडाड.

तीनचा टेम्पो दारात होता. कासीम ड्रायव्हर बिडी विझवत म्हणाला, “बाय, खयचा न्हेवचा? मालक खय गेले?”

“मालकीण हंय उभी आसा. ह्या मोठा. उचल.”

काका मंडळी घेऊन, हातात झेंडूचा हार घेऊन मांगराशी पोचले, तेव्हा वाघ टेम्पोत दोरखंडांनी बांधलेला होता आणि टेम्पो नाक्याच्या वळणावर दिसेनासा होत होता. वळण सोपे होते, तरी टेम्पोने हळू घेतले.

“गो, देवाचो शब्द मोडलंस!” काकांचा आवाज चिरकला. “ह्या घरात ऱ्हवाचा आसा ना तुका?”

“पयलो शब्द कोणी मोडलो, काका?” सुगंधा वळली. तिचा स्वर उंच नव्हता. तापल्या पात्याला उंच व्हावे लागत नाही. “दोनदा सांगल्यान देवान. दोनदा! तुमका देवाचो कौल नको होतो. तुमका माझी हार व्हयी होती.”

कुणी होय महाराजा म्हणाले नाही.

आबा गुरव आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. हातातल्या हाराचे काय करायचे ते काकांना कळेना, आणि झेंडूच्या भगव्या पाकळ्या एकेक करून त्यांच्याच पायांवर गळू लागल्या.

तिने पाठ फिरवली. तुळईवरच्या कप्पीची साखळी दोन्ही हातांनी ओढली. रजतकांती इंजिन जमिनीवरून सुटले, हलले, हेलकावले, आणि मोटारीच्या रित्या उदरावर येऊन थरथरत थांबले. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप त्याच्या कडेवर जळत होती. साखळी तळहात सोलत होती, सोलू दे. घाम डोळ्यांत उतरत होता, उतरू दे. ओठ दातांखाली, दृष्टी खोबणीवर, आणि मागे सारे गाव. कडी सुटली. कडीमागून कडी सुटली. एक कडी, आणखी एक कडी, आणि सगळा भार खाली, अजून खाली, अगदी अलगद, खाली.